सिम्युलेटरला चार लेन वाढवायच्यात: पीएसी, सिंगल टेंडर की सरळ बिड?

खाडीकाठ_स्टोअर

प्रशिक्षण केंद्र रत्नागिरीच्या बाजूला, समुद्र हाकेच्या अंतरावर. संरक्षण खात्याखालचं, खरेदी रेव्हेन्यूच्या पैशातून. पाच वर्षांपूर्वी ओपन टेंडरने लहान शस्त्रांच्या सरावाचा सिम्युलेटर घेतला होता. त्यात चार लेन, एक इन्स्ट्रक्टर कन्सोल, पडदा, दोन प्रोजेक्टर, हिट पकडणारे इन्फ्रारेड कॅमेरे, लेसर बसवलेल्या आठ रायफली, हवेच्या दाबावर धक्का देणाऱ्या सोळा मॅगझिन, कॉम्प्रेसर आणि यूपीएस. आता तुकड्या मोठ्या झाल्यात, आणखी चार लेन (फायर करायच्या जागा) हव्यात.

जुन्याच पुरवठादाराचं बजेटरी कोटेशन आलंय. लेन किटचा दर नगामागे ९.४० लाख, जुन्या ऑर्डरमध्ये ६.२० लाख होता. सोबत लेटरहेडवर दाखला, 'या मालिकेच्या सिम्युलेटरचे आम्ही एकमेव उत्पादक आहोत.' आणि पीएसीचा (प्रोप्रायटरी आर्टिकल सर्टिफिकेट, म्हणजे दुसऱ्या कोणाची वस्तू चालणार नाही असं प्रमाणपत्र) मसुदाही टाइप करून पाठवलाय, आम्ही फक्त सही करायची.

वरून निरोप आहे की कोर्स १ जूनला सुरू होतो, तातडी दाखवा आणि उरका. आयएफएकडे (खात्याच्या वित्त सल्लागाराकडे) फाईल गेली की पहिलाच प्रश्न 'स्पर्धा का नाही' असा येणार. पीएसी टिकेल का? की तातडीच्या कलमाखाली न्यावं?

तिसरी_फाईल

मसुदा पुरवठादाराने पाठवला तिथेच माशी शिंकली. पीएसी हे खात्याने द्यायचं प्रमाणपत्र आहे, त्याखाली इंडेंट (मागणी) करणाऱ्या अधिकाऱ्याची सही, तारीख आणि हुद्दा असतो. पुरवठादाराचा दाखला फार तर जोडपत्र. तो मसुदा फाईलला लावूसुद्धा नका, उद्या ऑडिटर दोन्हीतली वाक्यं शेजारी ठेवून वाचेल.

जीएफआर २०१७, म्हणजे केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांतला, नियम १६६ काढा. सिंगल टेंडरला, म्हणजे एकाच पुरवठादाराला विचारायला, तीनच दारं आहेत. वस्तू एकच कंपनी बनवते हे वापरणाऱ्या खात्याला ठाऊक असणं, हे पहिलं. तातडी, तीही कारण लिहून आणि सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी घेऊन, हे दुसरं. असलेल्या यंत्रांशी जुळावं म्हणून प्रमाणीकरण, सक्षम तांत्रिक तज्ज्ञाच्या सल्ल्याने, हे तिसरं. तुमचं काम तिसऱ्या दाराचं. पहिल्या दारातून जाल तर खोटं पडेल, कारण असे सिम्युलेटर बनवणाऱ्या कंपन्या देशात एकापेक्षा जास्त आहेत आणि तुमच्याच जुन्या ओपन टेंडरच्या कंपॅरेटिव्ह स्टेटमेंटमध्ये (दरांच्या तुलनेच्या तक्त्यात) त्यांची नावं असतील. ती फाईल आयएफएच्या ऑफिसातही आहे.

पीएसीचा नमुना पहिल्या आणि तिसऱ्या, दोन्ही दारांना लागतो. त्यातला पहिला मुद्दा, वस्तू अमुक बनवतो. दुसरा, पुढील कारणांमुळे दुसरी कोणतीही मेक वा मॉडेल चालणार नाही. पुढे वित्त शाखेची सहमती आणि सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी. सगळं प्रकरण त्या दुसऱ्या मुद्द्यापुढच्या रिकाम्या जागेत आहे. 'या मालिकेचे आम्हीच एकमेव उत्पादक' हा दाखला म्हणजे देवगडच्या बागायतदाराने लिहून द्यावं की माझ्या बागेतल्या हापूसचा मीच एकमेव उत्पादक. खरंच आहे की! पण म्हणून बाजारात दुसरा हापूस नाही असं थोडंच ठरतं?

तातडीचं विसरा. १ जूनच्या कोर्सची तारीख वर्षाच्या कॅलेंडरमध्ये आधीपासून छापलेली आहे. माहीत असलेल्या तारखेला तातडी म्हणत नाहीत, तिला उशीर म्हणतात.

आणखी एक. १ नोव्हेंबर २०२५ पासून डीपीएम २०२५, म्हणजे संरक्षण खात्याचं नवं खरेदी मॅन्युअल, लागू झालाय. २००९च्या मॅन्युअलमधले परिच्छेद क्रमांक जुन्या फाईलवरून उतरवून काढू नका. पाच वर्षांपूर्वीचा स्टेटमेंट ऑफ केस (मंजुरीसाठीचा प्रस्ताव) समोर ठेवून टाइप केला की हे हमखास होतं.

इन्फ्रारेड

रिकाम्या जागेत काय लिहायचं ते तांत्रिक बाजूने सांगतो. आधी सिम्युलेटर उघडून दोन ढीग करा, कुलूपबंद आणि मोकळा.

कुलूपबंद म्हणजे ज्याच्या जागी दुसऱ्याचं चालत नाही ते. रायफलीतलं लेसर युनिट, कारण प्रत्येक कंपनीचा पल्स कोड वेगळा असतो आणि कोणत्या लेनच्या कोणत्या रायफलीतून गोळी सुटली हे कन्सोल त्यावरूनच ओळखतो. हिट पकडणारा कॅमेरा आणि त्याचं कॅलिब्रेशन. सॉफ्टवेअर लायसन्स, जे बहुधा डोंगलला (यूएसबीत लावायच्या किल्लीला) बांधलेलं असतं. मॅगझिन आणि रायफल यांच्यातला सेन्सर, गोळ्या संपल्या की ट्रिगर बंद करतो तो. आणि प्रशिक्षणार्थींच्या जुन्या निकालांचा डेटा, त्याचा फॉरमॅट सहसा कंपनी उघडा करत नाही.

मोकळ्या ढिगात प्रोजेक्टर, पडदा, यूपीएस, कॉम्प्रेसर, एअर ड्रायर, केबल ट्रे, एसी, झोपून फायर करायच्या मॅट. यातलं काहीही एका कंपनीला बांधलेलं नाही. पुरवठादार 'इंटिग्रेटेड सिस्टिम' म्हणत हा सगळा बारदाना लेन किटमध्ये कोंबतो आणि पीएसीच्या पांघरुणाखाली यूपीएससुद्धा दुप्पट भावाने विकतो. मोकळा ढीग जेमवर (सरकारी ई-मार्केटप्लेसवर) बिडने घ्या.

कुलूपबंद ढिगासाठी तांत्रिक समिती बसवा आणि चाचणी करून घ्या. कन्सोलवर लेन वाढवायची सोय सॉफ्टवेअरमध्ये आहे का, किती लेनपर्यंत? पाच वर्षांपूर्वीचं व्हर्जन आणि आजच्या लेन किटचं व्हर्जन एकच आहे का? इथे मोठी गोम असते. नवं किट जुन्या कन्सोलवर चालतच नाही, आधी कन्सोल बदलावा लागतो, हे ऑर्डर दिल्यावर कळतं. आणि कन्सोल बदलायचा असेल तर 'असलेल्या यंत्राशी सुसंगत' हे तुमचं कारणच उडालं. जे काही जुळवायचं होतं ते तुम्ही काढूनच टाकलंत!

मग दुसऱ्या मुद्द्यापुढे 'सध्याच्या यंत्रणेशी सुसंगत व उत्तम दर्जाचे असल्याने' असलं गुळमुळीत लिहू नका. असं लिहा: 'सध्याचा कन्सोल फक्त याच उत्पादकाच्या लेसर युनिटचा कोड वाचतो, हे समितीने अमुक तारखेला चाचणी घेऊन पाहिले. दुसऱ्या बनावटीच्या चार लेन घेतल्यास स्वतंत्र कन्सोल, स्वतंत्र डेटाबेस व दुसरा इन्स्ट्रक्टर लागेल. खर्चाची तुलना परिशिष्टात.' आणि ती तुलना खरोखर करा, तीन रकान्यांत: जुन्यालाच चार लेन जोडणं, दुसऱ्या कंपनीचा चार लेनचा वेगळा सेट, आणि आठ लेनचा पूर्ण नवा सेट ओपन टेंडरने. जुन्या सेटचं आयुष्य दोन-तीन वर्षंच उरलं असेल तर तिसरा रकाना जिंकू शकतो. तसं निघालं तर पीएसीचा नाद सोडा.

बिनआवाजी

ढीग करायला सांगताय ते बरोबर, पण नियम १५७ विसरू नका. वरच्या अधिकाऱ्याची मंजुरी किंवा जेमवरचं बिडिंग टाळण्यासाठी मागणीचे तुकडे करता येत नाहीत. एओएन (गरजेची मंजुरी) एकाच आकड्यावर, पूर्ण प्रकल्पाच्या अंदाजावर घ्या. त्या एओएनखाली दोन खरेद्या, एक पीएसी, एक बिड. सीएफए (मंजुरी देणारा सक्षम वित्तीय अधिकारी) ठरताना बेरीज बघितली जाते, तुकडा नाही.

आणि मला हे विभाजन इन्फ्रारेड म्हणतात तितकं सोपं वाटत नाही. प्रोजेक्टर दुसऱ्याचा आणि कॅमेरा याचा, अशा वेळी हिट दोन इंच डावीकडे दिसायला लागली की लेनवाला म्हणतो प्रोजेक्टर हलला, प्रोजेक्टरवाला म्हणतो कॅमेरा हलला. तुम्ही मधल्या मध्ये. प्रोजेक्टर आणि पडदा लेनसोबतच ठेवावा, बाकीचं वेगळं.

इन्फ्रारेड

भांडण होतं हे मान्य, पण त्यासाठी प्रोजेक्टर बांधून घ्यायची गरज नाही. लेनवाल्याकडून ऑर्डरच्या आधी लिहून घ्यायचं: रिझोल्यूशन इतकं, ल्युमेन किमान इतके, थ्रो रेशो इतका, ब्रॅकेटवर परवानगी असलेली हालचाल इतकी, 'यात बसणारा कोणताही प्रोजेक्टर चालेल, वॉरंटीला बाधा नाही.' तेच आकडे जेमच्या बिडमध्ये टाकायचे. लिहून द्यायला तो नकार देत असेल तर तो नकारच फाईलला लावा, मग प्रोजेक्टर पीएसीत घ्यायला निदान कारण तरी आहे.

पडद्याचं तुमचं पटलं. पडद्याचा परावर्तनाचा गुण बदलला की इन्फ्रारेड ठिपका फिका दिसतो. पडदा त्यांच्याकडूनच घ्या.

वाटाघाटी_समिती

दराकडे वळू. पीएसी मंजूर होणं म्हणजे अर्धीच लढाई. बाजाराने दर ठरवायचा मार्ग तुम्ही बंद केलात, तेव्हा दर वाजवी आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर आली.

आधी ६.२० आणि ९.४० हे आकडे एका जातीचे आहेत का ते बघा. जुन्या ऑर्डरचे दर बहुतेक वेळा जीएसटीसकट असतात, कोटेशनचे जीएसटी सोडून. तसं असेल तर १८ टक्के काढून जुना मूळ दर ५.२५ लाख येतो. म्हणजे तुलना ५.२५ आणि ९.४०ची. पन्नास टक्के वाढ वाटत होती ती प्रत्यक्षात ७९ टक्के आहे. जुना दर वर्षाला ५ टक्क्यांनी पाच वर्षं फुगवला तर ६.७० होतो. उरलेले २.७० लाख कशाचे, हा प्रश्न. चार लेनचे मिळून १०.८० लाख.

काही भाग खरा असू शकतो. जुनी वॉरंटी एक वर्षाची आणि नवी तीन वर्षांची असेल तर चालू सीएएमसीच्या (सर्वसमावेशक वार्षिक देखभाल कराराच्या) दराने दोन वर्षांची रक्कम बाजूला काढा. आयात कॅमेरा असेल तर त्याचं बिल ऑफ एंट्री (आयातीचा कस्टमचा कागद) मागा, रुपया घसरला तो फरक तेवढ्याच घटकावर द्यायचा, पूर्ण किटवर नाही. किटमध्ये मॅगझिन किती, आधी रायफलीमागे दोन होत्या, आता चार देतायत का? पुरवठादाराकडून लेसर युनिट, कॅमेरा, सॉफ्टवेअर, मॅगझिन, बसवणं, प्रशिक्षण, वॉरंटी असं घटकवार ब्रेकअप घ्या. 'आम्ही लंपसम देतो' म्हणाला तर लेखी मागा, लेखी नकार घ्या. आणि गेल्या वर्ष-दोन वर्षांत इतर युनिटना किंवा पोलीस प्रशिक्षण केंद्रांना याच मॉडेलच्या दिलेल्या ऑर्डरच्या प्रती. पुरवठादार देईल त्या त्याला सोयीच्या असतात, दोन-तीन ठिकाणी तुम्ही स्वतः पत्र पाठवा.

फॉल क्लॉज टाकाच, म्हणजे याच काळात दुसऱ्या खात्याला कमी दराने दिलं तर तुम्हालाही तोच दर.

वाटाघाट करता येते का, असं बरेच विचारतात, कारण 'निविदेनंतर वाटाघाट नको' हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. सीव्हीसीच्या (केंद्रीय दक्षता आयोगाच्या) ३ मार्च २००७च्या परिपत्रकात प्रोप्रायटरी वस्तूंचा अपवाद स्पष्ट आहे. मात्र प्राइस बिड उघडण्याआधी सीएनसीने (वाटाघाटी समितीने) आपला वाजवी दर लिहून, सह्या करून ठेवायचा. नंतर लिहिलेला बेंचमार्क हा बेंचमार्क नसतो, पुरवठादाराच्या दराला शोधलेलं कारण असतं.

खाडीकाठ_स्टोअर

जीएसटीचं बघितलं, तसंच निघालं. जुना दर करासकट होता. डोकं गरगरलं.

समिती पुढच्या आठवड्यात बसवतोय. दोन गोष्टी अजून. पुरवठादार ५० टक्के ॲडव्हान्स मागतोय. आणि ऑर्डर मार्चअखेर निघाली तर डिलिव्हरी १२ ते १४ आठवडे म्हणतो, म्हणजे १ जून गेलाच. हॉल जांभ्याच्या चिऱ्याचा आहे, नवा विंग तसाच.

तिसरी_फाईल

ॲडव्हान्सला नियम १७२. खासगी फर्मला कमाल ३० टक्के, तेही पुरेशा तारणावर, म्हणजे बँक गॅरंटीवर. ५० मागणं हा दमबाजीचा भाग आहे, एकटा असल्याचं त्याला कळलंय. कोटेशन मागवतानाच 'आपण एकमेव आहात' असं कधी लिहू नये.

परफॉर्मन्स सिक्युरिटी वॉरंटी संपल्यावर पुढे ६० दिवस चालू राहिली पाहिजे. लोक डिलिव्हरीच्या तारखेपासून मोजतात आणि वॉरंटीच्या मधेच गॅरंटी संपते.

जेम चुकवू नका. तिथे पीएसीने खरेदीचा पर्याय आहे, प्रमाणपत्र अपलोड करावं लागतं. मॉडेल तिथे नसेल तर बाहेरून घेण्याआधी जेमएआरपीटीएसचा रिपोर्ट (वस्तू जेमवर उपलब्ध आहे का ते दाखवणारा) काढून फाईलला लावायचा. तो इंडेंटच्या वेळचा हवा, ऑर्डरच्या आदल्या दिवशीचा नको.

जांभा_चिरा

१ जून गेला म्हणूनच धरा आणि शेड्यूल त्याप्रमाणे करा. एप्रिलच्या सुरुवातीला निघालेली ऑर्डर चौदा आठवड्यांनी म्हणजे जुलैत पोचते. ऐन पावसात आंबा घाटातून कॅमेऱ्यांची खोकी आणायची आणि उघड्या पोर्चमध्ये उतरवायची, हे करू नका. आगोटीच्या आधी हॉलचं काम (वायरिंग, अर्थिंग, एसी, ब्रॅकेट) संपवा आणि माल सप्टेंबरअखेर मागवा. मधे कोर्स जुन्या चार लेनवर दोन पाळ्यांत चालतो. डिलिव्हरीचा कालावधी ऑर्डरमध्ये तसाच लिहा, नाहीतर तुम्हीच माल थांबवलात असं म्हणून तो दंड माफ करून घेईल.

चिऱ्याबद्दल. साधा अँकर फास्टनर जांभ्यात धरत नाही. घट्ट केल्यावर पकडल्यासारखा वाटतो, पण चिरा सच्छिद्र, पावसाळाभर ओल धरतो, भोकाची कड भुसभुशीत होते आणि ब्रॅकेट मिलिमीटरने खाली येतो. मिलिमीटरने ब्रॅकेट हलला की पडद्यावर ठिपका कुठल्या कुठे जातो. बिनआवाजी म्हणतात ते दोन इंच बऱ्याचदा इथलेच. भिंतीतून आरपार बोल्ट, दोन्ही बाजूंना स्टेनलेस स्टीलची पट्टी, किंवा जमिनीवर उभा एमएस (साध्या पोलादाचा) फ्रेम करून त्यावर कॅमेरा आणि प्रोजेक्टर. फ्रेम उत्तम, भिंतीशी संबंधच नको. हे सिव्हिलच्या कामात घाला, लेनच्या पीएसीत नाही.

कॉम्प्रेसर किटमधून बाहेर काढायला सांगितलंय ते बरोबर, पण ड्रायर विसरलात तर सगळं फुकट. इथल्या हवेत पाणी इतकं की टाकीत रोज साचतं. ते मॅगझिनच्या व्हॉल्व्हपर्यंत गेलं की स्प्रिंग गंजतो, ओ-रिंग फुगते आणि धक्का कमी-जास्त बसतो. मग पुरवठादार म्हणतो 'हवा तुमची, वॉरंटी नाही.' हवेत किती ओलावा चालतो तो आकडा त्याच्याकडून आधी घ्या, ड्रायर त्या आकड्याचा घ्या, आणि टाकीचा ड्रेन रोज उघडल्याची नोंद लॉगबुकात ठेवा. तोच तुमचा पुरावा.

वाटाघाटी_समिती

ऑर्डर निघण्याआधी घ्यायच्या गोष्टी, कारण नंतर तो तुमचा फोनही उचलणार नाही. वॉरंटीनंतरच्या पाच वर्षांचे सीएएमसी दर याच बिडमध्ये गोठवा. सुट्या भागांची दरयादी, निदान लेसर युनिट, ओ-रिंग संच, व्हॉल्व्ह, कॅमेरा, डोंगल. लायसन्स कायमस्वरूपी हवं, वर्षाला नूतनीकरण नको, आणि डोंगल बिघडला तर किती दिवसांत बदलून देणार तेही लिहा. कॅलिब्रेशनचं टूल आणि पासवर्ड केंद्राच्या ताब्यात. निकालांचा डेटा साध्या फॉरमॅटमध्ये बाहेर काढायची सोय, कारण पाच वर्षांनी पुन्हा हाच धागा उघडायचा नसेल तर सुटकेची वाट आजच्या ऑर्डरमध्येच ठेवावी लागते. वॉरंटी सुरू होणार ती अंतिम स्वीकृतीच्या तारखेपासून, डिस्पॅचपासून नाही. रत्नागिरीला इंजिनिअर यायला लागणारे दिवस मोजून तक्रारीपासून दुरुस्तीपर्यंतची मुदत घाला. हैदराबाद किंवा दिल्लीहून दुसऱ्या दिवशी येतो म्हणणारा पावसाळ्यात चौथ्या दिवशी येतो.

पलीकडचा_बिडर

दुसऱ्या बाजूने बोलतो, म्हणजे ज्यांना अशा खरेदीत विचारलंच जात नाही त्यांच्या.

पीएसी करायचीच असेल तर आधी वेबसाइटवर पंधरा दिवसांची नोटीस टाका: 'अमुक कामासाठी अमुक मेक पीएसीवर घेण्याचा विचार आहे. हेच काम करणारा पर्याय कोणाकडे असल्यास तांत्रिक माहितीसह कळवावे.' आयआयटी आणि सीएसआयआरच्या प्रयोगशाळा असं करतात. अमेरिकेत १९८४च्या कायद्यापासून स्पर्धा टाळायची कारणं लेखी नोंदवून उघडी करावी लागतात. आपल्याकडे सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये नगर निगम मेरठच्या खटल्यात सांगितलं की निविदा हा नियम, थेट देणं हा विरळा अपवाद, आणि सीव्हीसीने जुलै २००७ मध्ये ते सगळ्या खात्यांना कळवलं. नोटिशीला उत्तर आलं नाही तर आयएफएच्या प्रश्नाला त्यापेक्षा चांगलं उत्तर नाही. आलं तर तांत्रिक समितीपुढे ठेवा आणि का चालतं वा चालत नाही ते कारणासह लिहा. नोटिशीत लेनची संख्या आणि कन्सोलचं व्हर्जन पुरे, हॉलचा नकाशा किंवा प्रशिक्षणाचा तपशील टाकायची गरज नाही.

एक चूक मात्र टाळा. ओपन बिड काढायची पण स्पेसिफिकेशनमध्ये त्याच कंपनीच्या ब्रोशरमधले आकडे, अगदी कॅमेऱ्याच्या वजनासकट. मग एकच बिड येते आणि 'स्पर्धा केली' म्हणायचं. एकच बिड आली तरी प्रक्रिया वैध धरता येते, पण जाहिरात पुरेशी, अटी आवळलेल्या नाहीत आणि दर वाजवी, या तिन्हींवर. दुसरी अट तिथेच मेलेली असते. त्यापेक्षा उघड पीएसी बरी.

खाडीकाठ_स्टोअर

नोटीस टाकतो. समितीला पहिलं काम कन्सोलचं व्हर्जन बघायचं दिलंय. आजच सर्व्हिस मॅन्युअल काढलं तर त्यात 'कमाल सहा लेन' असं छापलंय. चार आणि चार आठ.

इन्फ्रारेड

मग पुरवठादाराला एकच ओळ पाठवा: सध्याच्या कन्सोलवर आठ लेन चालतील का, हो की नाही, सहीनिशी. 'हो, अपग्रेड करून' असं उत्तर आलं तर अपग्रेड म्हणजे नेमकं काय बदलणार आणि त्याचा दर त्या ९.४० मध्ये आहे का, ते विचारा. तोवर पीएसीचा कागद कोरा राहू द्या.